वेदीवरची आग विझल्यानंतर

इ.स. ७० चा उन्हाळा. ज्यू पंचांगातल्या तम्मूज महिन्याच्या १७ तारखेला यरुशलेमच्या मंदिरातले रोजचे होमार्पण बंद पडले. रोमन सेनापती टायटसचा वेढा पडून जवळपास तीन महिने होत आले होते. शहरात धान्य संपले होते आणि माणसे चामडे चघळून दिवस काढत होती. तरीही तोवर रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक असे कोकरू वेदीवर चढतच होते. ‘माणसांच्या अभावी’ विधी थांबला, असे इतिहासकार योसेफस लिहितो. तो स्वतः याजक घराण्यातला. आधी ज्यू बंडखोरांचा सेनानी, मग रोमनांचा कैदी आणि आता टायटसच्या छावणीतला दुभाषा. मंदिराचा किल्ला करून आत बसलेल्या बंडखोर पुढारी योहानाला टायटसने याच योसेफसकरवी निरोप धाडला. लढायचेच असेल तर बाहेर येऊन लढ. मंदिर विटाळू नकोस. तू म्हणशील त्या ज्यूंच्या हातून अर्पणे पुन्हा सुरू होऊ देतो. योहानाने निरोप धुडकावला. तीन आठवड्यांनी मंदिर जळाले.

त्या दिवसानंतर आजवर यरुशलेमात ज्यू याजकाच्या हातून एकही कोकरू मंदिराच्या वेदीवर चढलेले नाही. ज्या धर्माच्या ग्रंथात अर्पणाचे नियम अध्यायच्या अध्याय व्यापून आहेत, तो धर्म अर्पणावाचून साडेएकोणीस शतके जगला. त्याच मुळातून फुटलेल्या ख्रिस्ती धर्माने एका माणसाच्या मरणाला अखेरचे अर्पण मानले आणि वेदीची भाषा मात्र सोडली नाही. हे सारे रोमन मशालींनी घडवले असे वरवर दिसते. खरी गोष्ट त्याच्या सुमारे सातशे वर्षे आधी सुरू होते. अर्पण एकाच जागी व्हायचे, असा निर्णय यरुशलेमच्या एका तरुण राजाने घेतला, तिथे.

त्याआधी अर्पण म्हणजे नेमके काय होते ते पाहायला हवे, कारण त्याविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. ‘लेवीय’ या ग्रंथाचे पहिले सात अध्याय म्हणजे या विधींची नियमपुस्तिका. मराठी बायबलात त्यांची नावे होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण आणि दोषार्पण अशी येतात. होमार्पणाचा पशू पुरता जाळायचा. शांत्यर्पण हे खरे तर जेवण होते: चरबी वेदीवर, छातीचा भाग आणि उजवी मांडी याजकाला, उरलेले मांस घरच्यांनी आणि पाहुण्यांनी मिळून एक-दोन दिवसांत संपवायचे. अन्नार्पणात सपीठ, तेल आणि ऊद. खमीर आणि मध वेदीवर चालत नसे. मीठ मात्र प्रत्येक अर्पणाला हवेच.

पशू आणणाऱ्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि सुरी बहुधा स्वतःच चालवायची. याजकाचे काम रक्तापासून सुरू होई. देहाचा प्राण रक्तात असतो, म्हणून रक्त माणसाने खायचे नाही, ते वेदीला द्यायचे, ही त्यामागची धारणा. देवाला भूक लागते म्हणून खाऊ घालायचे, असा अर्थ शेजारच्या संस्कृतींत उघड होता. इथे त्याच्या खुणा भाषेत उरल्या, पण भर प्राण परत करण्यावर आला.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. पापार्पण होते ते मुख्यतः नकळत झालेल्या चुकांसाठी. जाणूनबुजून, हात उगारून केलेल्या पापाला ‘गणना’ या ग्रंथात अर्पणाची पळवाट ठेवलेली नाही. कोणी शेजाऱ्याला फसवले, ठेव बुडवली, तर आधी मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा त्याच्या हाती द्यायचा, मगच मेंढा घेऊन मंदिरात यायचे. मेंढा कापला की पाप फिटले, असा स्वस्त सौदा नियमांत नव्हता. व्यवहारात तो होत असणार. त्याशिवाय संदेष्टे एवढे संतापले नसते.

गरिबांची सोयही होती. कोकरू परवडत नसेल तर दोन पारवे किंवा होले. तेही जमत नसेल, तर पापार्पणासाठी एफाचा दहावा हिस्सा सपीठ, म्हणजे साधारण दोन लिटर पीठ. येशूच्या जन्मानंतर मरिया आणि योसेफ यांनी पक्ष्यांची जोडी वाहिली असे लूक सांगतो. नियम ठाऊक असलेल्या वाचकाला तेवढ्यावरून त्या घराची ऐपत कळत असे.

वर्षातून एकदा प्रायश्चित्ताचा दिवस येई. दोन बकऱ्यांवर चिठ्ठ्या टाकल्या जात. एक देवासाठी कापला जाई. दुसऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून प्रमुख याजक सगळ्या लोकांची पापे बोलून दाखवी आणि तो बकरा अजाजेलाकडे, रानात, हाकलला जाई. शुद्धीचा इतका मोठा विधी आणि त्यातला निम्मा भार वाहणारा पशू वेदीवर चढतच नाही!

या सगळ्याच्या मागे एक काळोखी आठवणही आहे. उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात अब्राहाम मुलाला, इसहाकाला, मोरीया देशातल्या डोंगरावर बांधून ठेवतो, सुरी उचलतो आणि ऐन क्षणी झुडपात शिंगे अडकलेला मेंढा त्याला दिसतो. नरबळीचा निषेध म्हणून ही कथा वाचली जाते; आज्ञापालनाची कसोटी म्हणूनही वाचली जाते. इतके खरे की यरुशलेमच्या दक्षिणेकडच्या हिन्नोमाच्या खोऱ्यात मुलांना अग्नीत दिले जात असे, आणि यिर्मया संदेष्ट्याने त्यावर आग ओकली आहे. निषेध करावा लागला, कारण प्रथा दारात होती.

सुरुवातीला वेद्या गावोगाव होत्या. नोहाने पूर ओसरताच वेदी बांधली, अब्राहामाने मुक्काम पडेल तिथे बांधली. यरुशलेमात शलमोनाचे मंदिर उभे राहिल्यावरही टेकड्यांवरची उच्च स्थाने चालूच राहिली. नेगेवच्या वाळवंटाच्या काठावर अराद येथे इस्राएली पुरातत्त्वज्ञ योहानान अहारोनी यांनी १९६० च्या दशकात एक छोटे देवालय उकरून काढले. गाभाऱ्याच्या तोंडाशी चुनखडीच्या दोन वेद्या होत्या. त्यांच्यावरच्या काजळीचे रासायनिक विश्लेषण २०२० साली प्रसिद्ध झाले: मोठीवर ऊद आणि प्राण्यांची चरबी, धाकटीवर चक्क गांजा आणि शेण. बैरशेबा येथे चार कोपऱ्यांना शिंगे असलेल्या मोठ्या वेदीचे दगड सापडले, पण ते एका कोठाराच्या भिंतीत वापरलेले. कोणीतरी ती वेदी मोडून तिच्या दगडांना साध्या बांधकामात घातले होते.

वेद्या मोडण्याची ही मोहीम इ.स.पू. ६२२ मध्ये कळसाला पोहोचली. राजा योशीयाच्या अठराव्या वर्षी मंदिराच्या दुरुस्तीत एक गुंडाळी सापडली. ती आजच्या ‘अनुवाद’ ग्रंथाचा गाभा असावी असे बहुतेक अभ्यासक मानतात. ती ऐकून राजाने वस्त्रे फाडली आणि देशभरची उच्च स्थाने भ्रष्ट करण्याचा हुकूम सोडला. गेबापासून बैरशेबापर्यंतच्या याजकांना उचलून यरुशलेमात आणले. अर्पण आता एकाच जागी. यात भक्ती होती तसे राजकारणही होते. अश्शूरचे साम्राज्य डळमळत होते, योशीयाला देश एका मुठीत हवा होता, आणि अर्पणांबरोबर येणारे धान्य, पशू आणि चांदी राजधानीत येणे त्याला सोयीचे होते.

या निर्णयाचा एक परिणाम थेट स्वयंपाकघरात झाला. जवळच्या वेदीवर नेऊन पशू कापण्याची सोय गेली, तेव्हा दूरच्या गावकऱ्याने मांस खायचे तरी कसे? ‘अनुवाद’ सांगतो: हवे तिथे कापा आणि खा, फक्त रक्त पाण्यासारखे जमिनीवर ओता. मांस खाणे आणि अर्पण करणे यांची अशी फारकत झाली. पुढे ज्यूंना जगाच्या पाठीवर कुठेही वेदीवाचून राहता आले, त्याची पहिली तयारी नकळत इथे झाली.

दुसरा परिणाम दिसायला वेळ लागला. गावातल्या बाकीच्या विहिरी बुजवून एकच ठेवली, की तिच्या पाण्याला मान येतो. पण ती आटली तर सगळे गाव तहानलेले. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने शलमोनाचे मंदिर जाळले आणि ही तहान प्रथमच जाणवली. बाबेलात नेलेल्या लोकांनी तिथे वेदी बांधली असा पुरावा नाही. परतल्यावर आग पुन्हा पेटली आणि इ.स.पू. ५१६ च्या सुमारास दुसरे मंदिर उभे राहिले.

सगळ्यांना एकाच वेदीचा हा नियम मान्य होता असेही नाही. नाईल नदीतल्या एलेफंटिनी बेटावर इराणी साम्राज्याच्या चाकरीतले ज्यू शिपाई राहत होते. त्यांचे स्वतःचे मंदिर होते आणि त्यात पशू जळत होते. शेजारी ख्नूम या मेंढ्याच्या तोंडाच्या देवाचे मंदिर. तिथल्या पुजाऱ्यांना हे शेजारपण रुचले नाही. इ.स.पू. ४१० मध्ये त्यांनी स्थानिक अधिकाऱ्याला हाताशी धरून ज्यूंचे मंदिर पाडले. तीन वर्षांनी बेटावरच्या ज्यूंनी यहूदियाच्या सुभेदाराकडे अर्ज केला: मंदिर पुन्हा बांधू द्या, तिथे अन्नार्पण, धूप आणि होमार्पण होऊ द्या. पपायरसवरचा तो अर्ज आणि उत्तराचे टिपण दोन्ही हाती लागली आहेत. उत्तरात मंदिराला परवानगी आहे, अन्नार्पणाला आहे, धूपाला आहे. होमार्पणाचा शब्दही नाही. सरकारी दफ्तरातले हे मौन बोलके आहे. यरुशलेमची मक्तेदारी सांभाळायची आणि बेटावरच्यांना नाराजही करायचे नाही, असा हा तोडगा. बेटावरच्यांनी तो पुढे लेखी कबूलही केला.

दुसऱ्या मंदिराला राजा हेरोदाने इ.स.पू. २० च्या सुमारास नवे भव्य रूप द्यायला सुरुवात केली आणि येशूच्या काळात ते भूमध्य समुद्राभोवतीच्या जगातले नावाजलेले देवस्थान झाले. तिथला दिवस कसा उगवे, याचे बारकाईचे वर्णन इ.स. २०० च्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘मिश्ना’ या संहितेत आहे. पहाटे अंधारात वेदीवरची राख काढण्याचा मान कोणाला, हे ठरवायला पूर्वी याजक चढणीवरून धावत सुटत. एकदा ढकलाढकलीत एकाचा पाय मोडला आणि तेव्हापासून चिठ्ठ्या पडू लागल्या. कोकराची आदल्या संध्याकाळी तपासणी झालेली असली तरी पहाटे मशालीच्या उजेडात ते पुन्हा तपासायचे. त्याला सोन्याच्या पेल्यातून पाणी पाजायचे. याजक अनवाणी. वेदीखालच्या मोरीतून रक्त किद्रोनच्या ओढ्यात वाही आणि तिथून ते बागवानांना खत म्हणून विकले जाई. धूप बनवण्याचे गुपित अबतीनास घराण्याकडे आणि पवित्र भाकरींचे गार्मू घराण्याकडे. ही मंडळी आपली विद्या कोणाला शिकवायला तयार नव्हती, अशी तक्रार मिश्नेत नोंदलेली आहे. एकदा त्यांच्या जागी आलेक्सांद्रियाहून कारागीर आणले, पण त्यांच्या धूपाचा धूर जुन्यांच्या धूपासारखा सरळ वर जाईना; शेवटी जुन्यांनाच दुप्पट मेहनताना देऊन परत बोलवावे लागले, अशी गोष्ट नंतरच्या ‘तालमूद’ या ग्रंथात आहे.

वल्हांडणाच्या सणाला गर्दीचा कहर होई. योसेफसने एका वर्षीच्या कोकरांचा आकडा अडीच लाखांच्या वर सांगितला आहे. त्यावर विश्वास ठेवणे कठीण आहे, पण गर्दी प्रचंड होती यात शंका नाही. प्रत्येक प्रौढ ज्यू पुरुष जगात कुठेही असला तरी वर्षाला अर्धा शेकेल मंदिरपट्टी पाठवी, आणि ती सोर शहराच्या शुद्ध चांदीच्या नाण्यांत द्यावी लागे. म्हणून अंगणात सराफ, म्हणून कबुतरवाले. येशूने ज्यांची टेबले उलथली ते हेच. त्या बाजाराशिवाय गालीलहून आलेल्या यात्रेकरूला निर्दोष पक्षी मिळाला नसता. तरी देवाच्या नावाने चालणाऱ्या व्यापाराचा राग येणारा तो पहिला नव्हता.

हा राग जुना होता. आमोस, होशेय, यशया, मीखा या संदेष्ट्यांनी इ.स.पू. आठव्या शतकातच बजावले होते की न्याय नसेल तर देवाला तुमच्या मेंढ्यांची चरबी नकोशी होते. ‘मलाखी’ची तक्रार नेमकी उलटी: लोक आंधळे, लंगडे, रोगट पशू आणून वेदीची टिंगल करतात, हाच नजराणा सुभेदाराला देऊन पाहा म्हणावे! दोन्ही तक्रारी एकाच ग्रंथात शेजारी नांदतात. अर्पण नको असे यांपैकी कोणी म्हणत होते का, यावर पुढे पुष्कळ खल झाला. त्यांचा रोख विधीवर कमी आणि विधी करणाऱ्याच्या हातांवर अधिक होता, असेच वाचताना वाटते. मृत समुद्राकाठी कुम्रान येथे राहिलेला पंथ आणखी पुढे गेला. यरुशलेमचे याजक भ्रष्ट आहेत असे ठरवून त्यांनी मंदिराकडे पाठ फिरवली आणि ओठांवरच्या स्तुतीलाच अर्पण मानले.

येशूचे पहिले शिष्य मात्र मंदिर सोडून गेले नव्हते. प्रेषितांच्या कृत्यांत ते रोज मंदिरात जमताना दिसतात. सर्वांत गमतीचा प्रसंग प्रेषित पौलाचा. वल्हांडणाचा कोकरा म्हणजे ख्रिस्त आणि तो वधला गेला आहे, असे करिंथकरांना लिहून चुकलेला हा माणूस इ.स. ५७ च्या सुमारास यरुशलेमला येतो आणि नवस केलेल्या चार जणांच्या अर्पणांचा खर्च स्वतः उचलून मंदिरात जातो. तिथेच दंगल उसळते आणि तो पकडला जातो. मंदिर उभे असेतो ‘ख्रिस्ताचे अर्पण’ आणि कोकराचे अर्पण एकाच वेळी मनात बाळगणे शक्य होते.

मग युद्ध आले, आणि त्याची ठिणगी अर्पणातच पडली.

इ.स. ६६ मध्ये कैसरिया शहरात ज्यू सभास्थानाच्या दारात एका माणसाने भांडे पालथे घालून त्यावर पक्षी कापले. शब्बाथाला प्रार्थनेस आलेल्यांना चिडवायचा हा उघड प्रकार होता. दंगल झाली. पाठोपाठ रोमन अधिकारी फ्लोरस याने मंदिराच्या खजिन्यातून १७ तालांत एवढी रक्कम उचलली आणि यरुशलेम पेटले. आता एक विधी सगळ्यांच्या डोळ्यांवर आला. ऑगस्टसच्या काळापासून मंदिरात रोमन सम्राटाच्या कल्याणासाठी रोज अर्पण होत असे. ज्यू लोक सम्राटाला देव मानून त्याच्यापुढे धूप जाळणार नाहीत, पण त्याच्यासाठी आपल्या देवापुढे कोकरे वाहतील, असा हा शहाणपणाचा समझोता होता. मंदिराचा नायक एलाजार हा प्रमुख याजक अनन्यासचाच मुलगा. या तरुणाने विधी करणाऱ्या याजकांना पटवले की परक्याचे अर्पण यापुढे घ्यायचेच नाही. वडीलधाऱ्यांनी समजावले, जाणत्या याजकांना साक्षीला उभे करून परक्यांची भेट नाकारल्याचा दाखला नाही हे दाखवून दिले. कोणी ऐकले नाही. रोमशी युद्धाचा पाया इथे घातला गेला, असे योसेफस स्पष्ट म्हणतो. फौज उभी राहण्याआधी कोकरू नाकारले गेले.

पुढच्या चार वर्षांत मंदिराची रणभूमी झाली. बंडखोरांचे तीन गट एकमेकांच्या उरावर बसले होते. एक गट आतल्या अंगणात, दुसरा बाहेरच्या अंगणात, तिसरा शहरात. तोफगोळ्यासारखे दगड फेकणाऱ्या यंत्रांचा मारा वेदीपर्यंत पोहोचे आणि दूरदेशाहून आलेला यात्रेकरू आपल्याच अर्पणावर कोसळे. तरी यात्रेकरू येत राहिले. इ.स. ७० च्या वल्हांडणाला आतल्या गटाने भक्तांसाठी दार किंचित उघडले, तर योहानाची माणसे कपड्यांखाली शस्त्रे लपवून आत शिरली आणि आतले अंगण ताब्यात आले. टायटसचे सैन्य तेव्हाच वेशीशी येऊन ठाकले होते आणि सणाला आलेले हजारो लोक आत अडकले. उपासमारीत योहानाने वेदीसाठी राखलेले तेल आणि द्राक्षारस आपल्या माणसांत वाटून टाकला. याजकाच्या घरात वाढलेल्या योसेफसला ते अखेरपर्यंत क्षमा करता आले नाही.

मंदिर जळाल्यावर रोमन शिपायांनी आपल्या पलटणींची निशाणे पूर्वेच्या दारासमोर रोवली आणि त्यांना अर्पण वाहिले. त्या मंदिराच्या अंगणातले नोंदलेले शेवटचे अर्पण ते. सात फांद्यांचा दीपवृक्ष आणि भाकरींचे मेज रोमला मिरवत गेले. टायटसच्या कमानीवर त्यांचे शिल्प आजही आहे. अर्धा शेकेलाची पट्टी सम्राटाने रद्द केली नाही. ती वसूल करून रोमच्या ज्युपिटरच्या देवळाकडे वळवली.

उरलेल्यांपुढे प्रश्न होता तो साधा आणि भयंकर: प्रायश्चित्त कुठे करायचे? ज्यू धर्मगुरूंच्या, म्हणजे रब्बींच्या, परंपरेत एक प्रसंग सांगितला जातो. योहानान बेन जक्कय हे वृद्ध गुरू शिष्य यहोशवासह भग्न मंदिराजवळून जात होते. शिष्य रडू लागला. तेव्हा होशेयाचा आधार घेऊन गुरू म्हणाले की दयाधर्माची कृत्ये हे तितक्याच मोलाचे प्रायश्चित्त आपल्याजवळ आहे. हा प्रसंग बऱ्याच नंतर लिहिला गेला, त्यामुळे तो असाच घडला का हे सोडून देऊ. त्यातून निघालेला मार्ग मात्र खरा आहे. किनाऱ्याजवळच्या यावने गावी जमलेल्या पंडितांनी प्रार्थनेच्या वेळा रोजच्या दोन कोकरांच्या वेळांशी जोडल्या. घरातले जेवणाचे मेज वेदीच्या जागी आले आणि भाकरीला मीठ लावून खाण्याची रीत तिथूनच समजावली जाऊ लागली. वल्हांडणाच्या ताटात कोकराऐवजी एक भाजलेले हाडूक राहिले. शिवाय रब्बींनी पशू कसा कापावा, रक्त कसे शिंपडावे याचे नियम आणखी बारकाईने लिहिले. करता येत नाही त्याचा अभ्यास म्हणजेच करणे, अशी त्यांची भूमिका.

ख्रिस्ती वाट वेगळी गेली. ‘इब्री लोकांस पत्र’ याच्या अनाम लेखकाने प्रायश्चित्ताच्या दिवसाचा सगळा विधी येशूवर लावला: प्रमुख याजक तोच, रक्तही त्याचेच, आणि दरवर्षी करायचे ते एकदाच करून संपलेले. योहानाच्या शुभवर्तमानात येशू मरतो तो दिवस मंदिरात वल्हांडणाची कोकरे कापली जातात तोच. युक्तिवाद ज्यू नियमांच्या इतका आतून केलेला आहे की ‘लेवीय’ न वाचलेल्याला त्यातला निम्मा कळत नाही. दुसऱ्या शतकात जस्टिन या लेखकाने मलाखीचेच वचन पुढे करून सांगितले की सर्व राष्ट्रांत वाहिले जाणारे शुद्ध अर्पण म्हणजे आमची भाकर आणि आमचा प्याला.

त्याच वेळी रोमन साम्राज्यात अर्पण ही निष्ठेची परीक्षा झाली होती. इ.स. ११२ च्या सुमारास बिथुनियाचा सुभेदार प्लिनी संशयितांना सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि द्राक्षारस वाहायला लावी. नकार देतील ते ख्रिस्ती. इ.स. २४९ मध्ये सम्राट देकियसने प्रत्येकाला अर्पण करून दाखला घेण्याचा हुकूम काढला. तसले कितीतरी दाखले मिसरच्या वाळूत सापडले आहेत. ज्यूंना यातून सूट होती. हाडामांसाच्या अर्पणाला ठाम नकार देणे ही ख्रिस्ती माणसाची ओळख बनली ती या छळातून, आणि चौथ्या शतकाच्या अखेरीस सत्ता हाती आल्यावर सम्राट थिओडोसियसने देवळांतली अर्पणे कायद्यानेच बंद केली.

मधे एकदा आग पुन्हा पेटण्याची वेळ आली होती. ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांकडे वळलेला सम्राट ज्युलियन याला अर्पणांचे वेड होते. मोशेच्या नियमात एवढे सांगितलेले असताना तुम्ही अर्पण का करत नाही, असे त्याने ज्यूंना विचारले, आणि यरुशलेमबाहेर करता येत नाही असे उत्तर मिळाले, असे पुढच्या पिढीतले ख्रिस्ती लेखक सांगतात. योशीयाचा हुकूम हजार वर्षांनी अजून लागू होता. इ.स. ३६३ मध्ये ज्युलियनने मंदिर बांधायला पैसा दिला आणि अलिपियस या अधिकाऱ्याला कामावर नेमले. पायाशी आगीचे लोळ फुटून मजूर होरपळले आणि काम थांबले, असे आम्मियानस हा इतिहासकार लिहितो. तो ख्रिस्ती नव्हता, म्हणून त्याच्या साक्षीला वजन आहे. त्या वर्षी तिथे भूकंपही झाला होता. त्याच उन्हाळ्यात ज्युलियन इराणच्या मोहिमेत मारला गेला आणि योजना संपली.

अर्पण गेले, पण त्यावरचे भांडण गेले नाही. बाराव्या शतकात मैमोनिदीस या ज्यू तत्त्वज्ञाने लिहिले की त्या काळच्या लोकांना अर्पणांची सवय जडली होती म्हणून देवाने ती चालू ठेवली, एकदम तोडली नाही. पुढच्या शतकात नाहमानिदीस यांनी हे मत कडाडून खोडले. ख्रिस्ती जगात मार्टिन ल्यूथर १५२० मध्ये म्हणाला की मिस्सा हे अर्पण नव्हेच. १७ सप्टेंबर १५६२ रोजी ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ते खरेखुरे अर्पण आहे असे ठरवून टाकले. वसईचे कॅथलिक आजही मिस्साबलिदानाला जातात, तर प्रॉटेस्टंट मराठी ख्रिस्ती प्रभुभोजन घेतात. त्या दोन वाटा तिथून फुटलेल्या.

यरुशलेमची मक्तेदारी कधीच न मानलेले शोमरोनी लोक गरिज्जीम डोंगरावर आजही वल्हांडणाला कोकरे कापतात. त्यांची वस्ती जेमतेम काही शेकड्यांची. त्यांचे मंदिर तर ज्यू शासक योहानान हिर्कानसने इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस पाडले होते. पण त्यांची पवित्र जागा डोंगर होती, आणि डोंगर पाडता येत नाही.

कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंकडे तिसरीच तऱ्हा आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज वाचले, अशी त्यांची परंपरा. नवस फेडायला किंवा मंगल कार्याच्या वेळी ते मलिदा करतात: भिजवलेले गोड पोहे, त्यात ओले खोबरे आणि सुका मेवा, सोबत फळे, आणि एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याचे स्मरण. तो अलिबागजवळच्या खंडाळे गावी प्रकटला अशी श्रद्धा असल्याने तिथल्या खडकापाशीही मलिदा होतो. मलिदा म्हणजे ‘लेवीय’मधल्या अन्नार्पणाची हजारो वर्षांची आठवण, असे समाजातले अनेक जण मानतात. पण मलिदा हिंदुस्थानातल्या पिरांच्या दर्ग्यांतही चढतो, तेव्हा हा पदार्थ शेजाऱ्यांकडून आलेला असणेच अधिक संभवते. त्याला अर्थ दिला तो त्यांनी स्वतः. तेल गाळणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या लोकांजवळ याजक नव्हते, वेदी नव्हती. पोहे, नारळ आणि नवस होता, आणि देवापुढे ठेवल्यावर ताट सगळ्यांनी मिळून संपवायचे, ही शांत्यर्पणाची रीत त्यांच्याकडे बिनबोभाट चालू राहिली.